मास्तर निवडणुकीला उभे राहतात तेव्हा...

एखादा चांगला शिक्षक शाळा सोडून निवडणुकीला उभा राहिला, तर आपण त्याचं अभिनंदन करावं की हाताला धरून त्याला परत वर्गात नेऊन बसवावं? आपल्या मराठी घरांतून या प्रश्नाची दोन उत्तरं ठरलेली असतात. "चांगला मास्तर होता हो, राजकारणात गेला आणि वाया गेला!" हे पहिलं. "अशीच माणसं राजकारणात हवीत, म्हणून तर देशाचं हे असं झालंय," हे दुसरं. गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं आपण एकाच जेवणाच्या टेबलावर, कधी कधी एकाच काकांच्या तोंडून ऐकलेली असतात! दोन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न नुसत्या गप्पांवर न सोडता जरा नीट तपासून पाहावा असं वाटलं.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे एक जुना विनोद आहे. उत्तम प्रोग्रॅमरला बढती म्हणून मॅनेजर करायचं, म्हणजे कंपनी एका दिवसात एक चांगला प्रोग्रॅमर गमावते आणि एक वाईट मॅनेजर कमावते. बढती या शब्दातच घोळ आहे. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर गेलो, असं आपण गृहीत धरतो. शिक्षक आमदार झाला की आपण हेच म्हणतो, "कुठल्या कुठे पोचला बघा!" म्हणजे वर्ग ही खालची पायरी आणि सभागृह ही वरची. ज्याला मनापासून असं वाटतं, त्या शिक्षकाने वर्ग सोडलेलाच बरा, पण त्याला निवडून देऊ नये, असं माझं मत आहे. मग कोणाला निवडून द्यावं? त्यासाठी दोन उदाहरणं पाहू. एक नदीपलीकडचं, एक पुण्याचं.

मी ओहायोत, सिनसिनाटीजवळ राहतो. आमच्या गावाचं नाव लावणारा विमानतळ प्रत्यक्षात ओहायो नदीच्या पलीकडे, केंटकी राज्यात आहे. माझ्यासारखे कन्सल्टंट सोमवारी पहाटे पूल ओलांडून केंटकीत जातात आणि तिथून आपापल्या क्लायंटकडे उडतात. त्यामुळे केंटकीच्या बातम्या गाडीच्या रेडिओवर आपोआप कानावर पडतात. २०१८ च्या मार्चअखेरीस तिथे एक विलक्षण प्रकार घडला. सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दलचं एक छोटं विधेयक विधिमंडळात होतं. २९ मार्चला त्यातला मूळ मजकूर काढून टाकण्यात आला आणि त्याच्या जागी शिक्षक व सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमध्ये बदल करणारा २९१ पानांचा मजकूर घालण्यात आला. काही तासांत दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं, खालच्या सभागृहात ४९ विरुद्ध ४६ आणि सिनेटमध्ये २२ विरुद्ध १५ मतांनी. दुसऱ्या दिवशी इतक्या शिक्षकांनी रजा टाकली की अनेक काउंट्यांमधल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. केंटकीच्या पेन्शन फंडात फार मोठी तूट होती आणि ती खरी होती. काहीतरी करणं भाग होतं. दुसऱ्या बाजूला, तिथल्या शिक्षकांना नोकरीवर सोशल सिक्युरिटी मिळत नाही, म्हणजे म्हातारपणाची सगळी भिस्त त्या पेन्शनवर. तेव्हा दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती. पण बोलायला वेळ कुणाला दिला?

रॉककॅसल काउंटीच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवणारे ट्रॅव्हिस ब्रेंडा त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उभे होते. समोर होते त्याच पक्षाचे खालच्या सभागृहातले बहुमताचे नेते जोनाथन शेल. म्हणजे हा दोन पक्षांतला सामना नव्हता, एका घरातलाच होता. २२ मे रोजी गणिताचे मास्तर १२३ मतांनी जिंकले! नोव्हेंबरातही ते निवडून आले. त्याच वसंतात ओक्लाहोमातही २ ते १२ एप्रिल शिक्षकांचा मोठा संप झाला आणि तिथले कितीतरी शिक्षक उमेदवारी अर्ज भरून मोकळे झाले. काही जिंकले, बरेच हरले. ब्रेंडांची कारकीर्दही लांबली नाही. २०२० च्या प्राथमिक निवडणुकीत ते पराभूत झाले. शेल पुढे २०२३ मध्ये राज्याचे कृषी आयुक्त म्हणून निवडून आले. राजकारणाचं पाणी असं वाहतच असतं.

आता यात नैतिक प्रश्न कुठे आला? तर इथे आला. ही मंडळी राजकारणात गेली ती कशासाठी? स्वतःच्या पेन्शनसाठी, स्वतःच्या पगारासाठी. मग यात त्याग कसला आणि सेवा कसली? आमच्या मंडळातल्या एका स्नेह्यांनी तेव्हा मला हेच ऐकवलं होतं, "हे शिक्षक मुलांसाठी नाही, स्वतःसाठी भांडतायत." आरोप बिनबुडाचा नाही. पण तो एकट्या शिक्षकांवर का? शेतकरी आमदार शेतीच्या विधेयकावर मत देतो, वकील आमदार कोर्टाच्या विधेयकावर, बिल्डर आमदार जमिनीच्या विधेयकावर. तिथे आपण त्याला "अनुभव" म्हणतो आणि मास्तरांच्या बाबतीत "स्वार्थ" म्हणतो! माणूस आपल्या दुखऱ्या जागेवरूनच सार्वजनिक कामात शिरतो, यात गैर काही नाही. प्रश्न पुढचा आहे. आत शिरल्यावर तो त्या एका दुखण्यापाशीच बसून राहतो का, की इतरांची दुखणीही त्याला दिसू लागतात?

केंटकीच्या त्या कायद्याचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण त्यात मला मास्तरकीचं मर्म दिसलं. प्रकरण कोर्टात गेलं. १३ डिसेंबर २०१८ रोजी केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरवला. पेन्शनमधले बदल चूक की बरोबर, यात न्यायालय शिरलंच नाही. राज्याच्या घटनेत कलम ४६ आहे. त्यानुसार प्रत्येक विधेयकाचं प्रत्येक सभागृहात तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेळा वाचन व्हायला हवं. सांडपाण्याच्या विधेयकाची वाचनं पेन्शनच्या विधेयकाच्या खात्यावर जमा करता येणार नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं.

तीन वेळा, तीन वेगळ्या दिवशी! ही अट कुणा कायदेपंडिताने घातली असेल, पण तिचा खरा अर्थ कोणत्याही शाळेतल्या बाईंना विचारा. एकदा वाचून समजत नाही. पहिल्या दिवशी शब्द कळतात, दुसऱ्या दिवशी शंका येते, तिसऱ्या दिवशी ती विचारायचं धाडस होतं. धडा "उरकणं" आणि धडा "शिकवणं" यातला फरक ज्याला आयुष्यभर पोटासाठी का होईना पाळावा लागलाय, तो माणूस सभागृहात असणं ही चैन नाही, गरज आहे. मागच्या बाकावरच्या मुलाला अजून कळलेलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायची सवय शिक्षकाला असते. सभागृहातही असा मागचा बाक असतो, आणि सभागृहाबाहेर तर फारच लांबलचक असतो.

आता पुण्याकडे वळू. शिक्षक ते कायदेमंडळ हा रस्ता आपल्याकडे ज्यांनी चालून दाखवला ते गोपाळ कृष्ण गोखले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा जन्म, साल १८६६. १८८४ मध्ये बी. ए. झाल्यावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक, मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. आजीव सदस्यत्व म्हणजे वीस वर्षं काम आणि महिना ७५ रुपयांच्या आसपास पगार. त्या काळच्या पदवीधराला सरकारी नोकरीत किंवा वकिलीत काय मिळू शकलं असतं याच्याशी तुलना करून पाहा! फर्ग्युसनमध्ये त्यांनी इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवलं. अंकगणिताचं पुस्तक लिहिलं. कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करत हिंडले. १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात निवडून गेले आणि पुढे व्हाइसरॉयच्या मध्यवर्ती कायदेमंडळात. १९०२ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. म्हणजे मुंबई कायदेमंडळात गेल्यावरही काही काळ कॉलेज सुटलेलं नव्हतं.

या क्रमाला महत्त्व आहे. आधी वर्गाचं देणं फेडलं, मग सभागृह. बढती म्हणून नव्हे, तर एक काम जवळजवळ पुरं करून दुसरं हाती घेतलं म्हणून.

आणि सभागृहात गेल्यावर ते कसे वागले? गृहपाठ करून वागले. अर्थसंकल्पावरच्या त्यांच्या भाषणांचा दबदबा सरकारी बाकांवरही होता. त्या भाषणांतल्या आकडेवारीमागे गणेश व्यंकटेश जोशी यांचे कष्ट होते आणि हे जोशीही सरकारी शाळेतले मुख्याध्यापक! एका मास्तरच्या मागे दुसरा मास्तर उभा होता. १९०१ मध्ये मुंबई कायदेमंडळात जमीन महसुलाच्या कायद्यातल्या दुरुस्तीवर, शेतकऱ्यांच्या जमिनीच्या हक्कांवर घाला येतोय म्हणून फिरोजशहा मेहता आणि इतर सभासद सभात्याग करून बाहेर पडले, त्यांत गोखलेही होते. तेव्हा हे नुसतेच पुस्तकी, मवाळ मास्तर होते असं समजायचं कारण नाही.

त्याआधीची एक गोष्ट मात्र अनेकांना त्यांच्याविरुद्ध सांगायला आवडते. १८९७ मध्ये ते इंग्लंडमध्ये असताना पुण्याहून मित्रांची पत्रं आली. प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची माहिती त्यांत होती. गोखल्यांनी ती तिथल्या वृत्तपत्रात सांगितली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्र लिहिणाऱ्यांची नावं उघड करणं शक्य नव्हतं आणि पुराव्याशिवाय आरोप उभा राहत नव्हता. त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि सगळी नाचक्की स्वतःच्या अंगावर घेतली. पुण्यात त्यांची भरपूर हेटाळणी झाली. आजही यावर दोन मतं असू शकतात, कारण प्लेगच्या त्या बंदोबस्ताने पुणेकरांचे हाल केले होते हे काही खोटं नाही. पण मला त्यात वर्गातला माणूस दिसतो. फळ्यावर मांडलेलं उत्तर सिद्ध करता येत नाही असं लक्षात आलं, तर चाळीस मुलांसमोर डस्टर उचलून ते पुसावं लागतं, भले तुम्हाला मनातून ते बरोबरच वाटत असो. ही सवय राजकारणात किती दुर्मिळ आहे, ते आपण अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना रोज पाहतोच.

पण गोखल्यांचं मोठं काम पुढेच आहे. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी अगदी माफक होती. जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातात, तिथल्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला, सरकारच्या संमतीने, ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचं करता यावं आणि पुढे मुलींसाठीही ते लागू करण्याची सोय असावी. ज्या पालकांचं उत्पन्न महिना १० रुपयांपेक्षा जास्त नाही, त्यांना फी नको. शेजारच्या बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून हे राज्यभर करून दाखवलंच होतं. तरीही विरोध झाला, आणि तो फक्त इंग्रज अधिकाऱ्यांचा नव्हता. काही हिंदी सभासदही विरुद्ध गेले. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक बाजूला पडलं. हे असंच होणार याची गोखल्यांना कल्पना होती. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच सेवा करणं आलेलं आहे, अशा अर्थाचं ते बोलले. १९१५ मध्ये ते गेले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांतून मुंबई प्रांतात नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. आणि देशभरातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांचा हक्क म्हणून कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं!

मी या विधेयकाकडे पुन्हा पुन्हा का येतो? त्या काळी कायदेमंडळासाठी मत देणारे लोक मूठभर होते. ज्या मुलांसाठी गोखले भांडत होते, त्यांच्या आईबापांनाही मत नव्हतं, मग मुलांची काय कथा. त्या मुलांनी गोखल्यांना एक मतही मिळवून दिलं नसतं. आणि माझ्या मते हेच या प्रश्नाचं उत्तर आहे. शिक्षक ज्यांना सगळ्यात जवळून ओळखतो, त्यांना मत नसतं. बाकी सगळे उमेदवार मतदारांना ओळखतात. सभागृहात जाण्याचा शिक्षकाचा खास अधिकार कुठला असेल तर तो हा, की मत नसलेल्यांची नावं आणि चेहरे त्याला पाठ असतात. तो अधिकार त्याने आतमध्ये वापरला तर त्याचं वर्ग सोडणं सार्थ झालं. नाही वापरला, तर आपण खरोखरच एक मास्तर गमावला आणि एक पुढारी कमावला.

आपल्या घटनाकारांनी यावर वेगळा उपाय केला. कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेच्या साधारण एक बारांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या. महाराष्ट्रात ७८ पैकी ७. कल्पना उदात्त आहे. पण मतदार कोण? माध्यमिक शाळा किंवा त्यावरच्या संस्थांतले शिक्षक. प्राथमिक शाळेतले गुरुजी आणि बाई, ज्यांच्या हाताखाली पोरं पहिलं अक्षर गिरवतात, त्या यादीत नाहीत. म्हणजे शिक्षकांचा मतदारसंघ केला तरी सगळ्यात मागचा बाक मागेच राहिला.

अमेरिकेत असा राखीव मतदारसंघ नाही, इथे दुसरीच अडचण आहे. बहुतेक राज्यांची विधिमंडळं अर्धवेळ चालतात. केंटकीचं अधिवेशन सम वर्षी जास्तीत जास्त ६० दिवस, विषम वर्षी ३० दिवस. न्यू हॅम्पशायरच्या ४०० प्रतिनिधींना तर वर्षाला १०० डॉलर मिळतात, शब्दशः घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या! सामान्य नागरिकांनीच कायदे करावेत ही त्यामागची भावना. पण ऐन जानेवारी ते एप्रिल कामावरून सुट्टी कुणाला मिळते? वकिलाला, धंदेवाल्याला, निवृत्ताला. भर सत्रात वर्ग सोडून जायचं म्हणजे मुलांना बदली शिक्षकाच्या हवाली करायचं. ज्याला वर्गाची सर्वांत जास्त काळजी, त्यालाच पाय उचलणं सर्वांत जड. ही किंमत शिक्षक एकटा देत नाही, त्याची मुलंही देतात. तेव्हा त्याला निवडून देणाऱ्यांनीही त्याच्याकडून तसाच हिशेब मागायला हवा.

आणि एक सावधगिरी. वर्गात मास्तरांचं कुणी सहसा खोडून काढत नाही. तीस वर्षं अशी गेली की आपलंच खरं असं वाटायला लागतं. सभागृहात समोर विद्यार्थी नसतात, तितकेच शहाणे आणि तितकेच हट्टी समवयस्क असतात. ज्या शिक्षकाला स्वतः विद्यार्थी होऊन बसता येत नाही, तो तिथे नुसता छडी शोधत राहील.

आता आपल्याबद्दल थोडं. आपण मंडळी घर घेताना आधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघतो, मग किचन. इथे ओहायोत त्या शाळा मोठ्या प्रमाणात आपल्याच घरपट्टीवर चालतात आणि ती वाढवायची की नाही, यावर गावकरी मत देतात. नोव्हेंबर आला की अंगणाअंगणात "लेव्हीला हो म्हणा", "लेव्हीला नाही म्हणा" अशा पाट्या उगवतात. आपल्यातली कितीतरी कुटुंबं मात्र ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी आहेत. आईबाबा कर भरतात, पण त्यांना मत नाही. मुलं इथे जन्मलेली, नागरिक, पण अठराची नाहीत. संपूर्ण घरात मिळून एकही मत नाही! गोखल्यांच्या विधेयकातल्या मुलांपेक्षा आपली परिस्थिती शंभर पटींनी सुखाची आहे, तुलना तेवढ्यापुरतीच. पण आपल्या वतीने तिथे कोण बोलणार, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. आपली मुलं ज्यांना रोज भेटतात, नावानिशी ओळखतात, त्या बाई उद्या स्कूल बोर्डाला किंवा राज्याच्या सभागृहासाठी उभ्या राहिल्या, तर त्यांचं म्हणणं निदान ऐकायला तरी जावं. आणि ज्यांच्याकडे मत आहे, त्यांनी ते आपल्या एका घरापुरतं समजू नये, शेजारच्या बिनमताच्या घराचंही त्यात थोडं आहे असं समजून वापरावं.

आपल्यातलेही काही जण आता राज्यांच्या सभागृहांपर्यंत पोचले आहेत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२० मध्ये मिशिगनच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि २०२३ पासून वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात आहेत. ते रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक. डॉक्टर, इंजिनिअर, उद्योजक इथपर्यंत आपली कल्पनाशक्ती सहज जाते. पण उद्या आपल्याच घरातली मुलगी म्हणाली, "आई, मला मिडल स्कूलमध्ये गणित शिकवायचंय, आणि पंधरावीस वर्षं शिकवून झाल्यावर निवडणुकीला उभं राहायचंय," तर आपण काय म्हणू? तिच्या तोंडचं पहिलं वाक्य ऐकूनच आपला चेहरा पडणार असेल, तर दुसऱ्या वाक्याचं कौतुक करायचा आपल्याला फारसा अधिकार नाही.